जवसाच्या चटणीतले शेंगदाणे

फोन वाजला तेव्हा आम्रपाली ओव्हाळ कांदा-लसूण मसाल्याच्या नव्या पाकिटाचा फोटो निवडत होती. चाकणच्या एमआयडीसीतल्या त्या मसाले-चटण्यांच्या कंपनीत तिचं काम सांगायला अगदी सोपं होतं. कंपनी जे जे विकते त्याची माहिती सांभाळायची. नाव, वजन, घटक, टिकायची मुदत, बारकोड, फोटो. हीच माहिती कंपनीच्या वेबसाइटवर जायची, घरपोच सामान देणाऱ्या ॲपवाल्यांकडे जायची, इंग्रजीतून दुबईच्या व्यापाऱ्याकडे जायची आणि पाकिटं छापणाऱ्याकडेही जायची. अडचण एवढीच, की या प्रत्येकासाठी एक्सेलची फाइल वेगळी होती. 'फायनल' होती, 'फायनल नवीन' होती, 'फायनल निरंजन सर' होती, आणि त्यातली खरी फायनल कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"मी पिंपळे सौदागरहून विजयश्री बोलतेय," फोनवरची बाई म्हणाली. "तुमची जवसाची चटणी मागवली मी. वेबसाइटवर घटक वाचूनच मागवली. त्यात शेंगदाणे नव्हते. पाकिटावर मात्र शेंगदाणे लिहिलेत. खरं काय समजायचं?"

आवाज चढलेला नव्हता, उलट फारच सांभाळून बोलत होती ती.

"तुम्हाला शेंगदाणे चालत नाहीत का, मॅडम?"

"मला चालतात. माझ्या मुलीला नाही. घसा सुजतो तिचा, श्वास लागतो. एकदा ॲडमिट करावं लागलं होतं."

आम्रपालीने लगेच विचारलं, "खाल्ली का हो तिने?"

"नाही. पाकीट फोडण्याआधी मागची बाजू वाचायची सवय लागलीये मला. पण माझ्या सासूबाई वाचत नाहीत. आज मी ऑफिसात असते आणि त्यांनी पोळीला लावून दिली असती, तर?"

अशा वेळी काय बोलायचं ते कंपनीत ठरलेलं होतं. तुमची तक्रार नोंदवली आहे, आमचा माणूस संपर्क करेल. पण ते शब्द तिच्या जिभेवर आलेच नाहीत. तिने छपाईची सगळ्यात नवी फाइल उघडून बघितली. "पाकिटावरचं खरं आहे," ती म्हणाली. "चटणीत शेंगदाणे आहेत. वेबसाइटवरची माहिती जुनी राहिलीये, चूक आमची आहे. तुम्ही फोनवर असतानाच मी ती चटणी विक्रीतून काढते."

आणि तिने काढली. काढल्याचं सांगितलंही. मग विजयश्री म्हणाली, "बरं झालं सरळ सांगितलंत. मला वाटलं होतं, फिरवाफिरवी कराल."

फोन ठेवल्यावर आम्रपालीने एकेक जागा तपासली. एका ॲपवर शेंगदाणे होते, दुसऱ्यावर नव्हते. दुबईच्या फाइलमध्ये 'असू शकतात' असं काहीतरी अधांतरी लिहिलेलं. झालं होतं असं, की नुसत्या जवसाची चटणी कडवट लागते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरत होतं, तेव्हा तिच्यात भाजलेल्या दाण्याचं कूट घालायचं ठरलं. पाकीट छापणाऱ्याला नवीन मजकूर थेट गेला. बाकीच्यांसाठी उत्पादन विभागाने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. त्याच दिवशी त्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस होता. केकच्या आणि फुलांच्या ढिगाखाली ते दाण्याचं कूट गाडलं गेलं ते गाडलंच गेलं.

ती उठून सुमनताईंच्या केबिनमध्ये गेली. सुमनताई म्हणजे कंपनीच्या मालकीण. खेड तालुक्यातल्या गावात घरी चटण्या करून त्या चाकणच्या कांदा मार्केटात येणाऱ्या व्यापाऱ्यांना विकता विकता त्यांनी हा पसारा उभा केला होता. त्यांचा मुलगा निरंजन एमबीए करून आला होता आणि विक्रीची बाजू बघायचा. तोही तिथेच बसला होता. आम्रपालीने घडलं ते सगळं सांगितलं.

सुमनताईंनी पहिलं विचारलं, "पोरीला काय झालं न्हाई ना?"

"नाही ताई. खाल्लीच नाही तिने."

सुमनताईंनी डोळे मिटून घेतले. कपाळाला हात लावला. "माझ्या हातचं खाऊन कुनाचं लेकरू दवाखान्यात गेलं असतं, तर मी पुन्हा मिरचीला हात लावला नसता बघ," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नंबर दे त्या बाईचा. मी बोलते."

त्या बोलल्या. चांगला बराच वेळ बोलल्या, आणि शेवटी तिच्या लेकीचं नाव-गाव-शाळा सगळं विचारून घेतलं.

निरंजन मात्र येरझाऱ्या घालत होता. "म्हणून तर मी वर्षभर ओरडतोय, आपल्याला पिम घ्यायला हवं."

"ते काय असतंय?" सुमनताईंनी विचारलं.

"सॉफ्टवेअर. आपल्या मालाची सगळी माहिती एकाच जागी ठेवायची. तिथे बदललं, की वेबसाइट, ॲप, पाकीट, सगळीकडे तेच जातं. एक मोठी कंपनी बघून ठेवलीये मी. आजच हो म्हणतो."

"थांब," सुमनताई म्हणाल्या. "वापरनार कोन?"

"आम्रपालीच."

"मंग ती निवडंल."

निरंजनचा चेहरा जरासा पडला. आम्रपालीचा तर पुरता. आजवर चुकलं तर फाइलकडे बोट दाखवता येत होतं. आता चुकलं असतं तर तिच्या नावाने चुकलं असतं.

निरंजनने शोधलेल्या कंपनीचं हिंजवडीचं ऑफिस असं गारेगार आणि चकचकीत होतं, की आम्रपालीने नकळत ओढणी सारखी केली. तीन जण माहिती द्यायला बसले होते. पडद्यावर बूट गोल गोल फिरत होते, शर्टांचे रंग बोट लावताच बदलत होते, जगाच्या नकाशावर ठिपके पेटत होते. निरंजन पुढे सरकून बसला होता. खरं सांगायचं तर आम्रपालीलाही ते आवडलं. इतक्या नीटनेटक्या जगात आपल्या चटण्या जाऊन बसतील, या कल्पनेनेच तिला बरं वाटलं. पण परत येताना गाडीत ती आठवू लागली, की आपण आज चटणीबद्दल नेमकं काय ऐकलं, तर तिला काही म्हणजे काहीच आठवेना.

संध्याकाळी कासारवाडीला घरी आली, तर वडील, जयसिंग, नुकतेच विहारातून परतून चहा घेत बसले होते. पिंपरीच्या एका इंजिनांच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"आमू, तोंड का गं उतरलंय?"

तिने सांगितलं. फिरणारे बूट, पेटणारे ठिपके, आणि निवडायचं आपल्याला आहे ही धास्तीसुद्धा.

जयसिंग हसले. "आमच्याकडं नवीन मशीन आलं, की साहेब लोक बघायचे ते पळतंय किती. आम्ही आधी बघायचो, थांबवायचं कुठनं. हात आत जायचा तो आमचा ना, बाई."

त्यांनी ते सहज म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आम्रपाली मात्र कप हातात धरून तशीच बसली. सगळीकडे एका झटक्यात माहिती पोचवणारं सॉफ्टवेअर आपण शोधतोय. पण चुकीची माहितीही त्याच झटक्यात सगळीकडे पोचणार. आपल्याला पोचवणारं हवंच. पण त्याआधी अडवणारं हवं.

दुसऱ्या दिवशी तिने सुमनताईंना सांगितलं, "ताई, मी त्यांचे बूट-शर्ट बघणार नाही. आपलीच जवसाची चटणी देणार, तिच्या सगळ्या घोळासकट. आणि बघणार, की तिच्यात शेंगदाणे घातले तर किती ठिकाणी दिसतात, आणि कुणी जबाबदार माणसाने बघितल्याशिवाय ते बाहेर जातं का."

"मंग! मी कांडप यंत्र घेतलं तवा दुकानदाराच्या मिरच्या कांडून बघितल्या न्हाईत," सुमनताई म्हणाल्या. "माझंच पोतं टेम्पोत टाकून नेलं व्हतं. ठसक्यानं समदं दुकान भाईर पळालं."

आम्रपालीने तीन कंपन्यांना एकच परीक्षा पाठवली. हिंजवडीच्या मोठ्या कंपनीकडून फार अदबीचं उत्तर आलं. आमच्याकडे दाखवायला ठरावीक माल असतो, तुमची माहिती आम्ही करार झाल्यावर, दुसऱ्या टप्प्यात घेऊ. मंजुरीची सोय करता येते, तिचा विचार तिसऱ्या टप्प्यात.

"मोठ्या लोकांची पद्धत असते एक," निरंजन म्हणाला.

"असेल सर. पण तिसऱ्या टप्प्यापर्यंत वेबसाइटवर काय राहील?"

निरंजनने ते उत्तर पुन्हा एकदा वाचायला घेतलं.

दुसरी कंपनी अगदी स्वस्त होती आणि कशालाच नाही म्हणत नव्हती. चटणीची माहिती त्यांच्या ऑफिसातल्या एका पोरीने फोनवरून बोलता बोलता भरूनही दिली. सगळं झटपट, गुळगुळीत. आम्रपालीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने घटकांच्या रकान्यात 'दगड' असं टाकलं आणि बटण दाबलं. पापणी लवायच्या आत नमुन्याच्या वेबसाइटवर झळकलं: जवस, लसूण, लाल तिखट, दगड. सुमनताई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या हसण्याने निरंजनलाही हसू फुटलं. त्या कंपनीचा विषय तिथेच संपला.

तिसरी कंपनी भोसरीतली. रणजीत नावाचा माणूस आणि त्याचे मोजके सहकारी, एवढाच संसार. तो स्वतः लॅपटॉप घेऊन चाकणला आला. येताना ट्रकांच्या रांगेत अडकून घामाघूम झाला होता. पाणी प्यायला आणि थेट जवसाच्या चटणीवर आला.

"तुम्हीच चालवा," म्हणून त्याने लॅपटॉप आम्रपालीपुढे सरकवला.

तिने घटकांत शेंगदाणे घातले. बाजूला लगेच दिसलं, की हा बदल वेबसाइटवर, दोन्ही ॲपवर, दुबईच्या यादीत आणि पाकिटावर होणार आहे. मग तिने श्वास रोखून 'पाठवा' दाबलं. पडद्यावर तांबडी पट्टी आली: ॲलर्जीचा घटक बदलला आहे. मंजुरीशिवाय पुढे जाणार नाही. तिने पुन्हा दाबलं. गेलं नाही. दोन-तीनदा दाबलं. एखादा हट्टी बैल वाटेत बसावा तसं ते बसून राहिलं. आम्रपालीला हसू येऊ लागलं. तिने उगाच आणखी एकदा दाबून बघितलं.

"आता मंजुरी देऊन पाकिटाचा मजकूर बघूया," ती म्हणाली.

पाकिटाचा मजकूर उघडला, आणि 'शेंगदाणे' हा शब्द फुटलेला निघाला. मात्रा एकीकडे, अनुस्वार भलत्याच अक्षरावर, मध्ये एक रिकामं वर्तुळ. निरंजनने पेन टेबलावर टाकलं.

रणजीत वाकून बघत राहिला. "चुकतंय हे," तो म्हणाला. "पडद्यावर बरोबर दिसतं, छपाईच्या फाइलमध्ये मराठी अक्षरं फुटतायत. आम्ही इंग्रजीतूनच तपासलं होतं. मला माहीत नव्हतं."

"दुरुस्त व्हायला किती दिवस?" निरंजनने विचारलं.

"आत उघडून बघितल्याशिवाय कसं सांगू, सर? उद्या सांगतो."

"आणि गोदामातला साठा, ऑर्डरी, ते यातच होईल ना?"

"नाही. ते आमच्यात नाही. त्यासाठी तुमचं आहे तेच वापरा. आम्ही फक्त मालाची माहिती सांभाळतो."

तो गेल्यावर निरंजन म्हणाला, "काय माणूस आहे राव! 'नाही' सोडून दुसरा शब्दच नाही."

आम्रपालीलाही धाकधूक होतीच. 'नाही' म्हणणारा माणूस खरा असतो हे ठीक, पण खऱ्या माणसाची कंपनीसुद्धा बुडू शकते. मोठी कंपनी निवडून काही बिघडलं, तर लोक म्हणतील, एवढी मोठी कंपनी, हिचा काय दोष. छोटी निवडून बिघडलं तर दोष हिचाच. सुरक्षित वाट कुठली ते तिला स्वच्छ दिसत होतं. ती वाट तिच्यासाठी सुरक्षित होती. चटणी खाणाऱ्यांसाठी नव्हती.

रणजीतने ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी फोन केला, आणि काही दिवसांनी दुरुस्ती करून तो परत आला. 'शेंगदाणे' आता धडधाकट होते. आम्रपालीने मुद्दाम 'ज्येष्ठमध', 'खसखस', 'दगडफूल', 'कृष्णजिरे' असलं सगळं घालून बघितलं. एकही अक्षर फुटलं नाही. मग तिने मनातलं विचारलं, "राग मानू नका, पण उद्या तुम्ही कंपनी बंद केलीत, तर आमच्या माहितीचं काय?"

"राग कसला? विचारलंत ते बरं केलंत," रणजीत म्हणाला. त्याने एक बटण दाखवलं. "हे दाबलं, की सगळं तुमच्याकडे. साध्या फाइलमध्ये. आमचं सॉफ्टवेअर नसलं तरी उघडतं."

"मी दाबू?"

"दाबा."

तिने दाबलं, आलेली फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतली, रणजीतला लॅपटॉप मिटायला लावला आणि मग उघडली. चटण्या होत्या, फोटो होते, कुणी कधी काय बदललं आणि कुणी मंजूर केलं तेही होतं. तिने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. रणजीत शांतपणे खिडकीतून कंपनीच्या बसगाड्या बघत बसला होता. घाई त्याला नव्हती.

शेवटच्या बैठकीत निरंजनने एकच आक्षेप घेतला. "समज, आपण झपाट्याने वाढलो. बाहेरच्या देशांत गेलो. मग हे पुरेल?"

"नाही पुरलं तर आपली माहिती उचलून मोठ्यांकडे जाऊ, सर. रणजीतने वाट मोकळी ठेवलीये," आम्रपाली म्हणाली. "पण आज आपली माहिती उचलून नेण्यासारखी तरी आहे का? कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी आधी ती निवडावी लागणार, खडे काढावे लागणार. मला हे घ्यायचंय."

ती 'मला' म्हणाली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

निरंजनने हात वर केले आणि हसला. "त्या फिरणाऱ्या बुटांनी भुलवलं मला. चल, घेऊ."

पुढचे कित्येक आठवडे आम्रपाली आणि उत्पादन विभागाची दीपमाला एकेक पाकीट हातात घेऊन बसल्या. दीपमाला बीडकडची, बोलायला खणखणीत. ती प्रत्यक्षात काय पडतं ते सांगायची, आम्रपाली सगळ्या फाइलींत काय लिहिलंय ते वाचायची. उपवासाच्या चटणीच्या एका फाइलीत लसूण सापडली. "आगं बाई, किती जणांचा उपास मोडला असंल!" म्हणून दीपमालाने डोक्याला हात लावला, पण लसूण प्रत्यक्षात चटणीत नव्हती, फाइलीतच होती. असे खडे बरेच निघाले. काही हसण्यासारखे, काही अंगावर काटा आणणारे. जुन्या फाइली आम्रपालीने एका बाजूला बंद करून ठेवल्या, कुणाला उघडताच येणार नाहीत अशा.

नवीन सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी ती जेवायलाही उठली नाही. वेबसाइट बघ, ॲप बघ, पुन्हा वेबसाइट बघ. जवसाची चटणी परत विक्रीला लागली होती, आणि 'यात शेंगदाणे आहेत' हे सगळीकडे ठळक, एकसारखं. तिने ते पान विजयश्रीला पाठवलं. 'वाचलं. आता कुणालाही कळेल,' एवढंच उत्तर आलं आणि खाली हात जोडल्याचं चित्र.

पण तिचा जीव खऱ्या अर्थाने भांड्यात पडला तो दिवाळीच्या तोंडावर. फराळाच्या ऑर्डरींनी कंपनी नुसती घुमत होती. अशा गडबडीत तिच्या पडद्यावर निरोप आला: थालीपीठ भाजणी, घटक बदलला, तीळ, मंजुरीसाठी थांबवले आहे. तिने दीपमालाला फोन लावला.

"भाजणीत तीळ घातलेत का गं?"

"घातल्यात की. आज सकाळपासून. चव लई चांगली आलीय." मग एकदम आवाज खाली आला. "तुला सांगायचंच राहिलं, माय. नुसतं त्या कॉम्प्युटरात भरलं."

"राहू दे. त्याने सांगितलं मला. नवीन पाकिटं येईपर्यंत माल बाहेर सोडू नकोस. स्टिकर चालेल, पण तिळाचा उल्लेख हवा."

"सोडत न्हाई."

स्टिकर छापून आले, चिकटले, मग आम्रपालीने मंजुरी दिली. वेबसाइटवर तीळ आले, ॲपवर आले, दुबईला इंग्रजीतून गेले. ती फोनकडे बघत बसली. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी वाजला नाही, त्यानंतरही नाही. ज्याला फोन करावा लागला असता असा कुणीतरी माणूस कुठेतरी पाकीट वाचून, ते खाली ठेवून, दुसरं काहीतरी घेऊन निघून गेला असेल. किंवा असा कुणी नसेलही. तिला ते कधीच कळणार नव्हतं, आणि न कळण्यात एवढं सुख असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती वेळेवर निघाली. सुमनताईंनी दारातूनच ओरडून सांगितलं, "जा गं, घरी जा. कंपनी काय पळून जात न्हाई." कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मोशीच्या अलीकडे नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली. पुढच्या सीटवर कुणीतरी बोनसच्या गप्पा मारत होतं. तिने डोकं काचेला टेकलं. भोसरी कधी गेली, नाशिक फाटा कधी आला, कासारवाडीला उतरणारे कधी उतरले, तिला पत्ता नाही.

"ओ मॅडम," ड्रायव्हरने हाक मारली. "दापोडी आली. तुमची कासारवाडी मागं राहिली की."

ती दचकून उठली, पर्स सावरत खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून एकटीच हसू लागली. मग घरी फोन लावला.

"पप्पा, मी दापोडीला आलेय."

"दापोडीला? तिथं काय काम काढलंस?"

"काही नाही. बसमध्ये झोप लागली."

जयसिंगांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "तुला? बसमध्ये? एवढे दिवस घरी तरी कुठं धड झोपत होतीस!"

"हो ना. अगदी गाढ."

"मग ये सावकाश. लोकलनं ये, एकच स्टेशन आहे. आईला भाकरी तू आल्यावरच टाकायला सांगतो."

तिने स्टेशनबाहेर ओली भेळ घेतली, तिखट जरा जास्त टाकायला सांगितलं, आणि कागदातली भेळ खात खात, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखी ती फलाटाकडे चालू लागली.